जिनगर मास्तरांची ओली भिंत

सकाळचे आठ. भाद्रपद महिना. खडकोंडी गावच्या शाळेची मैदानाकडची लांब भिंत पांढरीफेक होती.

आदल्या संध्याकाळी ती तशी नव्हती. तिच्यावर मुलांनी वर्षभर खपून काढलेलं अख्खं गाव होतं. रात्रीतून कोणीतरी चुन्याचे जाड हात मारले आणि ते गाव पुसून टाकलं. भिंतीखाली देवळाची लांब शिडी आडवी पडली होती. शिडीवर चुन्याचे ओघळ होते.

ही फार फार वर्षांपूर्वीची हकिकत. कोणी म्हणेल, दंतकथा आहे. खुशाल म्हणा. भिंत अजून उभी आहे. जा, हात लावून बघा आणि मग बोला.

त्या काळी खडकोंडीच्या शाळेत हरबा जिनगर नावाचे चित्रकलेचे मास्तर होते. उंच, काटकुळे, सदऱ्यावर बारा रंगांचे डाग. ते चिंचेखाली बसून खडूनं जमिनीवर ज्वारीचे दाणे काढायचे आणि चिमण्या झाडावरून उतरून चोची मारायच्या, असं खडकोंडीत सांगतात.

इतर शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे फळ्यावरचा आंबा. मास्तरांनी काढायचा, पोरांनी गिरवायचा. ज्याचा आंबा फळ्यासारखा, तो हुशार. जिनगर मास्तरांनी पहिल्याच दिवशी फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि मुलांना घेऊन ते गावात निघाले.

आधी कुंभारवाड्यात. कुंभार मडक्याचा गळा वळवताना डोळे मिटायचा. मुलांनी कारण विचारलं. "डोळं लई गडबड करत्यात, बाळांनो," तो म्हणाला. "गळा बोटांनाच कळतो." मग गावात गोंदणारीण आली, तेव्हा मास्तरांनी तिच्यासमोर वर्ग बसवला. तिनं कितीतरी वेळ नुसता हाताकडे बघत घालवला. "ठिपका पडला की पडला, पुसता येत नाय," ती म्हणाली. "म्हून आधी बघायचं." मग देवळाच्या भिंती रंगवणारे एक म्हातारे चितारी. त्यांनी सांगितलं, चुना ओला असतो तोवर भिंत रंग पिते. वाळला की तोंड फिरवते.

परत येताना मास्तर मुलांना एकच गोष्ट सांगायचे. "त्यांच्यासारखं काढू नका रे. त्यांच्यासारखा विचार करा. आणि डोळ्यांना दिसतं तेच काढा, घरच्यांना आवडेल ते नको."

गावातल्या शहाण्यांना हे पटेना. पोरं कुंभाराच्या दारात बसायला शाळेत जातात काय? तालुक्याला अर्ज गेला. दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, येणार असं ठरलं. त्यांनी मुलांचं काम बघायचं आणि चित्रकलेचा तास राहील की बंद होईल, जिनगर मास्तर राहतील की जातील, ते तिथल्या तिथे सांगायचं.

म्हणून मुलांनी भिंतीवर गाव काढलं होतं. आणि दिसतं ते काढलं होतं. देऊळ होतं, बाजार होता, पाटलांची म्हैस होती. मधोमध गावविहीर होती. विहिरीच्या काठावर गावच्या बायका होत्या आणि लांब, बाभळीखाली, गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विहिरीला दोर लावायचा नाही, असा गावचा रिवाज. कोणाला दया आली तर वरून ओतायचं, नाही आली तर उन्हात उभं राहायचं. तो बाभळीखालचा भाग वस्तीतून शाळेत येणाऱ्या धुरपानं काढला होता. धुरपाची आई त्यातच उभी असायची.

हा रिवाज सगळ्या गावाला ठाऊक होता. भिंतीवर मात्र तो बघवेना. आणि त्या सकाळी भिंत पांढरी झाली.

हेडमास्तर घामाघूम होऊन धावत आले. "अहो जिनगर, साहेबांची गाडी नदी ओलांडतेय! पाहुणे येणार म्हणून कोणीतरी भक्तीनं सारवलं असेल. आता काय दाखवायचं, चुना?"

पाटील तिथेच उभे होते. मिशीवर हात फिरवत म्हणाले, "झाक दिसतीय की. पांढरी भिंत कशी सोवळी वाटती."

"सोवळी न्हाय पाटील, मुकी," मास्तर म्हणाले.

मुलं रडायला लागली होती. मास्तर ओट्यावर मान खाली घालून बसले. धुरपा मात्र रडली नाही. ती भिंतीपाशी गेली आणि तिनं पंजा टेकवला. काढला तर पंजाचा ठसा.

"मास्तर," ती ओरडली, "भिंत वली हाय!"

मास्तरांनी मान वर केली.

"चितारी आजा म्हनला हुता. वली हाय तवर पिती."

मास्तर उठले ते वाऱ्यासारखे. तांबडी काव कालवली, पिवळी माती कालवली, चुलीतले कोळसे वाटले. एका मुलानं विचारलं, "मास्तर, कालचंच काढू?"

"कालचं कशाला? काल ही भिंत अशी होती का? आज काय दिसतं ते काढ. आणि आधी बघ. इथं पुसता यायचं न्हाय."

मग ती सगळी मुलं भिंतीसमोर बघत उभी राहिली. साहेबांची गाडी फाटकात आली तरी कोणी वळून बघेना. साहेब उतरले. हेडमास्तर हार घेऊन पुढे झाले. साहेबांनी ओठावर बोट ठेवलं, जोडे काढले आणि मातीत बसले. तेवढ्यात पहिला हात भिंतीला लागला.

त्या दिवशी सूर्य ढगाबाहेर आलाच नाही. मुलांचं काम होईपर्यंत चुना वाळू नये म्हणून तो ढगाआडच थांबला होता, असं खडकोंडीत सांगतात. कोणी शिडी काढली. कोणी चुन्याची बादली, कोणी बघ्यांची गर्दी. पाटलांची मिशीसुद्धा आली, खाली पाटील नसलेली, आणि बघे हसले. धुरपानं भिंतीच्या मधोमध एक घागर काढली. माणसाएवढी. विहीर नाही, बाभळ नाही, नुसती घागर. गळ्यापाशी आली तेव्हा तिनं डोळे मिटले, आणि तो गळा असा उतरला की गर्दीतला कुंभार मोठ्यानं म्हणाला, "आरं, ही तर माझी पोर झाली!"

काम संपल्यावर साहेब उठले आणि घागरीसमोर उभे राहिले.

"कोणाची गं ही?"

"आयची."

"रिकामी का?"

"अजून कुनी ओतलं न्हाय, साहेब."

गर्दीतलं हसू तिथं थांबलं. पाटलांनी नजर वळवली, पण वळवून टाकणार कुठं? समोर ती लांब भिंत.

साहेबांनी खिशातून बक्षीस काढलं नाही, भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले, "तास चालू राहील. मास्तर राहतील. या भिंतीला पुन्हा चुना लागता कामा नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपाची आई घागर घेऊन निघाली. विहिरीकडे जायचं तर शाळेवरूनच जावं लागतं. गावच्या बायकाही त्याच वाटेनं, त्याच घागरीसमोरून आल्या होत्या. ती बाभळीखाली थांबली नाही. काठावर गेली, स्वतःचा दोर सोडला, पाणी शेंदलं. कोणीही हात धरला नाही. एक म्हातारी नुसती सरकून बसली आणि म्हणाली, "बेतानं गं, काठ निसरडाय."

पुढे काहींनी भिंतीला चुना मारून बघितलाच. पहिल्या पावसात तो गळून जायचा आणि खालून चित्र नवं होऊन वर यायचं. दुष्काळातही त्या घागरीला हात लावला तर गार लागते, असं म्हणतात. जिनगर मास्तर वारले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावरचे डाग धुण्याचं धाडस कोणाला झालं नाही. ते तसेच रंगीत गेले.

आज खडकोंडीतून किती चित्रकार निघाले ते विचारू नका. गावाला त्याचं कौतुक नाही. कौतुक याचं आहे की इथलं कोणतंही मूल तुमच्या फळ्यावरचा आंबा गिरवून देत नाही. तुमच्या तोंडाकडे बघून विचारतं, "तुम्ही बघितलाय का नीट?"

आणि दर भाद्रपदात एका सकाळी देवळाची शिडी शाळेत येते. भिंतीचा एक कोरा पट्टा ओल्या चुन्यानं सारवतात. शाळेत नवीन आलेली मुलं रंगाच्या वाट्या घेऊन उभी राहतात. पण हात लावायच्या आधी वस्तीतली सर्वांत म्हातारी बाई पुढे येते आणि सगळ्या गावाला विचारते, "त्या राती चुना कुनी मारला?"

गाव गप्प राहतं. मग मुलं रंगवायला लागतात.

त्या वेळी पाटलांकडच्यांनी देवळातल्या गुरवाचं नाव घेतलं, गुरवांनी पाटलांचं. हेडमास्तर जन्मभर भक्तीचंच सांगत राहिले. पण शिडी देवळाच्या खोलीत कुलूपबंद असायची, आणि त्या सकाळी ते कुलूप मोडलेलं नव्हतं. ते किल्लीनं उघडलं होतं. किल्ली कोणी दिली, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.