डुबल फौजदाराची बटणं

"मग माझी गोळी खालीच का जाते, वस्ताद?"

हैबतराव डुबल विचारत होता. रिटायर फौजदार. दसऱ्याच्या नेमबाजीत एका हातानं रिव्हॉल्वर चालवून दरसाल पहिला यायचा. गेल्या साली शेवटचा आला. यंदाही तसंच झालं तर पुढं स्पर्धेत नाव घेणार नाही, असं दसऱ्याच्या मंडळानं तोंडावर सांगितलं होतं.

दाऊद वस्तादनं त्याला तरणेपणी नेम शिकवलेला. वस्ताद आता पार थकलाय. बाजेवर बसून असतो.

"चाप जड झालाय तुला. जोर लावून ओढतोस, नळी झुकते. डाव्या हाताचा आधार दे. त्याच हाताच्या अंगठ्यानं आधी रिव्हॉल्वरचा घोडा मागं चढव. मग चाप हलका होतो."

"दोन हातांनी? बायकांगत?"

हैबतरावची बायको इंदू कुंपणापाशीच उभी होती. तिनं ऐकलं. तिची बोलायची सवय त्यानं कधीच मोडली होती.

"हात कापतो ना, हैबती?"

"कापू दे! पोलादाचा हात होता हा..."

"होता."

...

वस्तादनं त्याच्याकडून रिव्हॉल्वर घेतलं. गोळ्या काढल्या. उशाशी ठेवलं. मग पुढं वाकून त्याच्या सदऱ्याची बटणं सोडायला लागला. वस्तादचे दोन्ही हात लटलटत होते. एकानं दुसऱ्याला सावरत सावरत सगळी सोडली.

"आता लाव."

हैबतराव हसला. "हे काय पोरखेळ लावलाय?"

"लाव की."

त्यानं वरचं बटण धरलं. निसटलं. परत धरलं. काजापर्यंत गेलं आन् निसटलं. कपाळाला घाम आला.

रोज सकाळी दार लावून घेऊन इंदूच त्याची बटणं लावते. बाहेर बोललीस तर बघ, अशी तंबी आहे तिला. गावात फौजदार कडक कपड्यात फिरतो, लोक रामराम घालतात. हिला कोण घालतंय?

"वस्ताद, मला नेम शिकवा. हे नको."

"तेच शिकवतोय."

...

फौजदाराची छाती उघडी, पण मान ताठ. बायकोकडं बघेना. जमिनीकडं बघत राहिला.

शेवटी इंदूलाच राहवलं नाही. पदर खोचून ती पुढं आली, हात सदऱ्याकडं गेला.

वस्तादनं तिचं मनगट धरलं.

"थांब, पोरी. त्याला आधार मागू दे."