एकवीस पुतळ्यांची चंदनउटी

एका राज्यात, जेथील पोपट माणसांहून स्पष्ट बोलत, हेमगौरी नावाची राजकन्या होती. वैशाखात देवाच्या अंगी चंदनाची उटी लावल्यावाचून पाण्याचा थेंब घ्यावयाचा नाही, असा तिचा नेम.

एके सकाळी ती चंदन उगाळीत असता वार्ता आली: धाकटा बंधू मकरंद मांत्रिकाच्या बागेत न विचारता लिंबू तोडता झाला आणि संगमरवर होऊन राहिला. सूर्यास्तापूर्वी सुटला नाही, तर कायमचा पाषाण! सहाण, खोड आणि तांब्या हाती होते तसेच घेऊन ती धावली.

बाग इटली देशीच्या रीतीची. सरूची झाडे भालदारांसारखी उभी, मातीच्या कुंड्यांत पिवळी लिंबे, कातरलेल्या कुंपणांच्या चक्रवाटा, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी कोरडी कारंजी. उन्हाने डोळे दिपावेत आणि तरी मन हरखावे, अशी शोभा.

दारीचा रावा म्हणाला, "कामे तीन. चक्रवाट ओलांड. कारंजे वाहते कर. एकवीस सारख्या पुतळ्यांतून भाऊ ओळख. भलत्याला हात लावशील, तर सूर्यास्ती तूही पुतळा."

लिंबाच्या मोहोराकडे निघालेल्या मधमाश्यांमागून जात तिने चक्रवाट ओलांडली. तहान दाबून तांब्यातले पाणी दगडी सिंहाच्या मुखी घातले; सिंहाने आचमन केले आणि कारंजी उसळली.

मधल्या कुंडात एक शुभ्र मूर्ती तळपत होती. हेमगौरीचे हात आपोआप जुळले. "देवा, अजून उटीवाचून उन्हात?" तिने चंदन उगाळून मूर्तीच्या कपाळी लावले.

रावा खदखदून हसला. "राजकन्ये, तो देव नव्हे! शेजारच्या राज्याचा हलवाई तो. आता तूही दगड!"

तिने खोड पुन्हा सहाणेवर टेकवले. मग म्हणाली, "देव नसेल, पण उन्हात तर उभा आहे ना?" आणि कुंडाकाठच्या दुसऱ्या पुतळ्याकडे वळली.

"अगं, शिक्षा ठरली! आता कशाला?"

"राघोबा, एकाला उटी आणि वीस जण उन्हात? आमच्या घरी पंक्तिप्रपंच करीत नाहीत."

एकेका कपाळी उटी लागत गेली. खोड झिजून नखाएवढे उरले, तेही विसाव्यापाशी सरले. सूर्य सरूंच्या शेंड्यांना टेकला. एकविसाव्यासाठी उरले केवळ चंदनाने गार झालेले तळवे. तिने तेच त्याच्या गालांवर ठेवले.

"अक्का," पाषाण बोलला, "हात किती गार गं तुझे!"

मांत्रिकाने शाप बांधिला होता तो आपल्यापुरते शोधणाऱ्यांसाठी. सर्वांना गारवा देणारे कोणी येईल, हे त्याच्या ध्यानीही आले नव्हते; शाप तेथेच विरला, आणि राजकन्येची शिक्षाही. एकवीसही जण आळस देत उठले. हलवायाने पहिले विचारले, "चूल कोठे आहे?" मकरंदाने झाडाला हात जोडून, विचारून, एक लिंबू तोडले. त्याचे सरबत घरी देवापुढे ठेवून, एकविसांची उटी देवालाच पोचली असे मानून, मग हेमगौरीने दिवसाचा पहिला घोट घेतला.

राव्याला उटी उरली नव्हती. त्याने कारंज्यात बुडी मारून घेतली.

त्या बागेत जशी सावली उतरली, तशी ऐकणाऱ्यांच्या अंगणी उतरो.