बाबलशेटचा माड

एका बंदरात बाबलशेट नावाचा भांड्यांचा व्यापारी राहत होता. माणूस भला, पण भारी घाईचा. जेवायला बसला की त्याला हात धुवायची घाई.

तरुणपणी तो एकदा गलबतात भांडी भरून दूरच्या एका बेटावर निघाला. वाटेत गलबत हाकणाऱ्या भिवा तांडेलाने त्याला तिथली रीत सांगून ठेवली. "शेट, बेटावर उतरताना वहाणा हातात घ्यायच्या. दिलेलं शहाळं अर्धं टाकायचं नाही. माडाखाली झोपायचं नाही. शेट कोण नि नोकर कोण, ते नारळाला कळत नाही. आणि निघताना यजमानाच्या परड्यात एक माड लावायचा. तो तुमचा. तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कोणी कुऱ्हाड लावणार नाही."

शेटने मान डोलावली. व्यापारी मान फार छान डोलावतात.

बेटावर तो सुंद्राबाईच्या घरी उतरला. नारळाच्या रसातली मासळी, संध्याकाळचा खारा वारा, त्याच्याच हंड्यांवर ठेका धरून गाणारी माणसं. शेट अगदी खुशीत. निघायच्या दिवशी सुंद्राबाईने त्याच्या हाती रोप दिलं आणि परड्याचं पार टोक दाखवलं. "तिकडे लावा, शेट. खड्डा खोल घ्या नि पाणी घाला."

तेवढ्यात भिवाने किनाऱ्यावरून हाक मारली. झालं. शेटने घराच्या भिंतीलगत, समुद्राच्या अंगाला, वीतभर वाळू उकरली, रोप खुपसलं आणि पळत सुटला. "पुढच्या वर्षी येतो हं," हेही पळता पळताच म्हणाला.

ते पुढचं वर्ष काही येईना. शेटचं दुकान वाढलं, पोट वाढलं, डोक्यावरचे केस गेले. पण जेवण झालं की त्याला ते बेट आठवे. "तिथे माझा माड आहे," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. ऐकून ऐकून घरातलं मांजरसुद्धा उठून जाई.

म्हातारपणी दुकान मुलांवर सोपवून शेट पुन्हा बेटावर निघाला. मरण्याआधी त्याला आपल्या माडाचं पाणी प्यायचं होतं.

उतरताच माड दिसला. उंच, नारळांनी लगडलेला. शेटचे डोळे भरून आले. जवळ गेल्यावर मात्र त्याला बाकीचं दिसलं. समुद्रवाऱ्याने माड थेट सुंद्राबाईच्या छपरावर वाकला होता. जाड दोराने तो अलीकडच्या फणसाला बांधून ठेवला होता. छपराला ठिगळंच ठिगळं.

पांढऱ्या केसांची सुंद्राबाई दारात आली. "या शेट. उजाडलं म्हणायचं तुमचं पुढचं वर्ष."

"सुंद्राबाई, हे काय झालं?"

"माड तुमचा, डोकं आमचं. परवा नारळ छपरातून सरळ तपेल्यात पडला. तपेलं तुमच्या दुकानचं, म्हणून वाचलं. भात नाही वाचला."

"मग तोडला का नाही?"

"पाहुण्याने सांगायला नको? वारा सुटला की आम्ही अंगणात येऊन बसतो नि तुमच्या नावाने बोटं मोडतो. यंदा बुंध्याला चीर गेलीय. पाऊसकाळ काढेल असं वाटत नाही."

शेट वर बघत राहिला. जन्मभर त्याने याच माडाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आणखी एक दोर बांधू, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात सुंद्राबाईने त्याच माडाचं शहाळं त्याच्यापुढे धरलं. पाणी गोड होतं. शेट ते शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. मग छपराच्या ठिगळांकडे बघून म्हणाला, "तोडा. पहिला घाव मी घालतो."

दोर ओढून माणसांनी माड अंगणात पाडला. शेटने डोळे पुसले, नवं रोप मागून घेतलं आणि परड्याच्या पार टोकाला गेला. गुडघाभर खड्डा खणता खणता त्याला घाम फुटला. किनाऱ्यावरून तांडेलाची हाक आली. शेटने वर पाहिलंसुद्धा नाही.

सुंद्राबाई म्हणाली, "शेट, याला नारळ धरायला वर्षं लागतील."

"मग घाई कशाला," म्हणत शेट आणखी पाणी आणायला विहिरीकडे वळला.

तात्पर्य: पाहुणा घरी जाऊन आठवणींत रमतो, पण त्याच्या घाईचा भार यजमानाच्या डोक्यावर राहतो. म्हणून परक्याच्या दारी जे लावाल ते सांगितल्या जागी, सावकाश लावा. आणि पुढच्या वर्षी येतो म्हणालात, तर जा.