दोन दोऱ्यांचा पाळणा

फार जुन्या काळची गोष्ट, नद्यांना अजून नावं पडायची होती तेव्हाची.

एका नदीकाठच्या गावात नाचणीच्या बियाण्याचे दहा रांजण होते, साऱ्या गावाचे मिळून. पेरणीला बी न्यायचं आणि सुगीनंतर सवाईने, म्हणजे वर पाव हिस्सा घालून, परत भरायचं. मात्र एका घराला एका रांजणाहून जास्त द्यायचं नाही, अशी रीत होती. का, ते कुणालाच आठवत नव्हतं.

रांजण सांभाळायचं काम एका तरुण लेकुरवाळीकडे होतं. बाई भारी काळजीखोर. दाराला कडी घालून निघाली, की कडी घातली ना ते बघायला परत यायची. बाळाचा पाळणा आढ्याला एका दोरीने टांगला तरी चालतं. ती दोन बांधायची. गाव हसायचं. तीही हसायची, पण दोरी काही सोडायची नाही.

एका वर्षी पेरणीच्या तोंडावर गावातले वडीलधारे आबा तिच्या दारी आले. नदीकाठची काळीभोर गाळाची जमीन त्यांची. त्यांचं बी दरवर्षी सर्वांआधी परत यायचं, तेही शिगोशीग.

"सूनबाई, यंदा दहाही रांजण मलाच दे," आबा म्हणाले. "उतारावरच्या मुरमात पेरून लोकांच्या हाती काय लागतं? मी सवाई नाही, दिढीने, म्हणजे दीडपट भरीन. सगळे माझ्या शेतात राबा आणि पोटभर खा."

मागे गाव उभंच होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

ती दाराची कडी चाचपू लागली, तशी एक म्हातारी म्हणाली, "हिचा स्वतःच्या कडीवर भरवसा नाही, आबांवर कुठून असणार?"

गाव खो खो हसलं. आपण जपून वागतोय की नुसत्या भित्र्या आहोत? तिला स्वतःलाच सांगता येईना. एवढ्यात बाळ चुळबुळलं आणि तिचा हात सवयीने दोरीवर गेला.

"आबा, ही दोरी चांगली आहे," ती हळूच म्हणाली. "चांगली आहे म्हणून तर बाळ हिच्यावर सोपवलं. कुजकी असती तर टांगलीच नसती. तरी दुसरी लागतेच."

"म्हणजे मी दोरी?"

"चांगली दोरी, आबा. पण एकच."

आबा एक रांजण घेऊन गेले ते फुरंगटूनच. बाकीचे नऊ उतारावरच्या घरांत वाटले गेले.

भर पावसाळ्यात नदीने कूस बदलली आणि काठची गाळाची जमीन पिकासकट गिळली. आबांचा शब्द खोटा नव्हता. पण शब्द पाळायला जमीनच उरली नाही. उतारावरची नाचणी मात्र रोडकी का होईना, तगली. सुगीनंतर नऊ रांजण सवाईने परत आले.

पुढच्या पेरणीला आबा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "माझा रांजण रिकामा आहे, सूनबाई. कोणत्या तोंडाने मागू?"

"रिकामा कुठे? सगळ्यांच्या सवाईतून भरून ठेवलाय. वरच्या अंगाचं पडीक रान नांगरा."

आबांचे डोळे भरून आले. मग ते मिश्कील हसले. "एकच ना?"

"एकच."

रांजण घ्यायला ते आत आले आणि जाता जाता त्यांनी पाळण्याची दुसरी दोरी ओढून पाहिली. गाठ जरा सैल होती. ती त्यांनी आपल्या हातांनी घट्ट केली.

म्हणून लक्षात ठेवा: वाईटाला नकार पुरतो, मर्यादा घालावी लागते ती चांगल्यालाच.