खळ्यावर आजारी पडलेलं गाव

फार फार मागची गोष्ट. ढवळदऱ्याच्या नदीला तेव्हा बारा महिने पाणी असे, आणि ढवळदऱ्याच्या माणसांना बारा महिने वाद असे. नदी आता आटली आहे.

त्या काळी गावात धुरपतामाय राहायची. घराणं धनगराचं. नवरा लवकर गेला, मागं चाळीस मेंढरं ठेवून गेला. मेंढराचा मोडलेला पाय बांधता बांधता ती माणसाचा पाय बांधायला शिकली, आणि रानातला कोणता पाला कशावर चालतो हे तिला मेंढरांनीच दाखवलं. हाड बसवून ती दोन बाजूंनी बांबूच्या कामट्या लावायची, वरून काळ्या लोकरीचा दोरा गुंडाळायची आणि एक गाठ मारायची. ती गाठ विळ्यानं कापत नसे, दातांनी सुटत नसे. हाड जुळलं की माणसानं फक्त म्हणायचं, ‘मी बरा आहे’, आणि गाठ आपोआप सुटून पडायची. हाड जुळायच्या आधीच कुणी घाईनं तसं म्हटलं, तर ती आणखी आवळायची. असं म्हणतात.

आणखीही एक गोष्ट त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या म्हणत. औषधाचं मोल घेतलं की हाताचा गुण जातो, असं म्हणत. असं नेमकं कोण म्हणतं, हे धुरपतामायनं एकदा नीट शोधून पाहिलं. ज्यांना द्यावं लागलं असतं, तेच म्हणत होते.

तरी तिनं कधी काही मागितलं नाही. कुणाच्या मांडीचं हाड बसवायला तीन दिवस जात, तेवढ्यात मागं राखणीला कुणी नसलेली दोन मेंढरं लांडगा नेई. कुणाचं बाळंतपण अडलं, एक मेंढरू गेलं. कुणाचा ताप उतरेना, आणखी एक गेलं. असं करत करत चाळिसांची एक मेंढी उरली. तिचं नाव काजळी. ती म्हातारी होती, आणि गाठीची लोकर आता तिच्या एकटीच्या अंगावर राहिली होती.

मग एके दिवशी, दिवाळीच्या आधी, धुरपतामाय काजळीला घेऊन चावडीवर आली. ती म्हणाली, “ही हाय तवर मी हाय. हिच्या मागं माझ्या पोटाला काही नाही. शाळूची सुगी होईस्तवर गावानं काय ते ठरवावं. नाहीतर मी घाटापल्याड भावाच्या गावाला जाते.”

गाव हादरलं. पंचक्रोशीत दुसरं कुणी हाड बसवणारं नव्हतं. सगळे पारावर जमले आणि धुरपतामायनं गावात राहिलंच पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकही माणूस उलट बोलला नाही. वाद उरला तो फक्त द्यायचं कुणी एवढाच, आणि तो सात दिवस चालला.

भुजंगा नावाचा एक शेतकरी होता, अंगानं मोकाट वळूसारखा. तो म्हणाला, त्याला जन्मात शिंक आली नाही, मग दुसऱ्याच्या तंगडीसाठी त्यानं स्वतःची ज्वारी का द्यायची? ज्याची तंगडी, त्यानं द्यावं. रंगनाथ कुंभार म्हणाला, तंगडी मोडलेला माणूस वर्षभर कमावणार कशावर आणि देणार कुठून? ज्याचं धान्याचं पेव मोठं, त्यानं द्यावं. ज्यांची पेवं मोठी होती त्यांनी ताबडतोब सांगितलं की यंदा पेवाला बुरशी लागली आहे. व्यंकट पाटील सगळ्यांत शहाणे. ते म्हणाले की माणसं राजाची, तर तंगड्याही राजाच्याच. तेव्हा राजाला अर्ज करावा. अर्ज गेला. त्याचं उत्तर आलं तेव्हा व्यंकट पाटलांचा नातू पाटील झाला होता, असं म्हणतात. उत्तरात लिहिलं होतं की अर्जात कामट्यांची लांबी नमूद केलेली नाही.

दूरच्या शहरांत, काचेच्या मोठ्या खोल्यांत, विद्वान माणसांना मी हाच वाद घालताना ऐकलं आहे. शब्द जड होते. पण भुजंगाही तिथं होता आणि व्यंकट पाटीलही.

धुरपतामाय सहा दिवस खाली बसून ऐकत होती. सुगीच्या वेळी खळ्यावर सुतार, लोहार, न्हावी आणि रात्रीचा पहारा करणारा जागल्या या सगळ्यांना प्रत्येक घर धान्याचा वाटा देई. वर्षभराच्या कामाचं ते बलुतं. सहाव्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, “पाटील, न्हावी टकल्याच्या घरचंबी बलुतं नेतो का नाही? आन जागल्याचं बलुतं काय ज्याच्या घरी चोर आला त्यानंच द्यायचं असतं का?”

पाटलांच्या डोक्यावर एक केस नव्हता. गाव पोट धरून हसलं. हसून झाल्यावर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

सातव्या दिवशी भुजंगा बोलताना इतका तापला की पारावरून मागच्या मागं कोसळला. खांदा निखळला. धुरपतामाय उठली, त्याच्या काखेत टाच रोवली आणि एका झटक्यात खांदा बसवला. खांदा बसत असताना भुजंगा म्हणतच होता की ज्याची तंगडी त्यानं द्यावं. कुणीतरी त्याला आठवण करून दिली की खांदा तुझा आहे. तेव्हा तो म्हणाला, “हा काय आजार हाय व्हय? मी तर पडलो.”

तेव्हा धुरपतामायनं निकाल दिला. ती म्हणाली, “आजाऱ्याकडून मी काही घेणार नाही. त्याच्या घरात आधीच कामाचा एक हात कमी. आज धरून सुगीपर्यंत ज्या घरात कुणी अंथरूण धरणार नाही, त्या घरानं खळ्यावर मला एक सूप ज्वारी द्यावी. ज्याला देव बरा ठेवील, त्यानं द्यावं.”

गावानं एका आवाजात होकार दिला. सुगीला अजून चार महिने होते. चार महिन्यांनी द्यायचं दान करायला आमच्या गावासारखं उदार गाव नाही.

त्या वर्षी शाळू असा आला की बैलावर बसलेला माणूस रानात दिसत नसे, असं म्हणतात. आणि त्या वर्षी कधी नव्हे ते कुणी आजारीही पडलं नाही. फक्त रंगनाथ कुंभाराची बायको, चतुराबाई, ऐन फाल्गुनात तापानं पडली. तिच्या छातीत पाणी झालं होतं आणि श्वास वरच्या वर जात होता.

फाल्गुनात खळी तयार झाली. कणसं पसरली, बैल फिरू लागले. धुरपतामाय खांद्यावर घोंगडी टाकून निघाली, आणि काय सांगावं, तिची चाहूल लागली तसं सगळं गाव आजारी पडलं. एकानं डोक्याला फडकं बांधलं. एक लंगडू लागला, आणि घाईत पाय बदलून लंगडू लागला. व्यंकट पाटलांनी कळवलं की घरची माणसं ठीक आहेत पण बैल खातापीत नाही, तो धरायचा का? भुजंगा खळ्याच्या कडेला भर उन्हात वाकळ पांघरून कण्हत होता. त्याच्या उशाशी आठ भाकऱ्यांचं फडकं रिकामं पडलं होतं. कुठं दुखतं, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, कळ फिरती आहे, आता पायात आहे.

चाळीस खळी फिरून घोंगडी रिकामी राहिली. शेवटी ती रंगनाथाकडं आली. रंगनाथ दारात मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, “माय, आमच्या घरात खरंच आजार हाय. पण आज हे कुण्या तोंडानं सांगू? तुला वाटंल, ह्योबी त्यातलाच.”

तेव्हा मात्र धुरपतामायच्या डोळ्यांत पाणी आलं, असं म्हणतात. ते स्वतःच्या रिकाम्या घोंगडीसाठी नव्हतं. ती आत गेली आणि चतुराबाईचा माथा मांडीवर घेऊन तिला पाला हुंगवला, छाती शेकली. मग काजळीला कातरून तिच्या अंगावरची सगळी लोकर उतरवली, दोरा वळला आणि गावात परत आली.

ती कुणावर रागावली नाही. गाव आजारी आहे म्हणतं, तर इलाज करायला हवा, एवढंच ती म्हणाली. ज्याचा पाय दुखत होता त्याच्या पायाला कामट्या लावल्या. ज्याची पाठ धरली होती त्याला पाटावर आडवा करून बांधला. भुजंगाची कळ फिरती होती, म्हणून त्याला दोन्ही पायांसकट दोन्ही हात बांधले. पाटलांच्या बैलालाही बांधलं. प्रत्येक गाठ घट्ट मारली. वर काडेचिराइताचा काढा तीन वेळा, आणि पथ्याला अळणी पेज. गाठ कशी सुटते हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘मी बरा आहे’ म्हटलं की सुटते. पण तसं म्हटलं की एक सूप ज्वारी द्यावी लागते, हेही ठाऊक होतं.

म्हणून कुणी बोललं नाही. एक दिवस गेला, दोन गेले. कणसं खळ्यावर उघडी, बैल उभे, आणि धडधाकट गाव कामट्यांत बांधलेलं, कडू काढा पीत एकमेकांकडं बघत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाईला घाम फुटला, ताप उतरला, तिनं पाणी मागितलं. धुरपतामायनं काठी उचलली, उघड्या अंगाच्या काजळीला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि ती घाटाकडं निघाली. बांधलेल्या गावानं तिला जाताना पाहिलं. तरीही कुणी बोललं नाही.

दुपारी डोंगरावर ढग आला. असा काळा, की कावळे घरट्यांत परतले. गारा येणार हे लहान पोरालाही कळत होतं. वर्षाचं अन्न खळ्यावर उघडं पडलं होतं आणि तीन शब्दांचं काम होतं. पण प्रत्येक जण शेजाऱ्याकडं पाहत होता. आधी त्यानं म्हणावं. तो बोलला आणि त्यानं सूप दिलं, तर आपल्या एका सुपावाचून काय अडणार आहे? सगळ्या गावानं हाच हिशोब केला, आणि सगळ्या गावाचा हिशोब बरोबर जुळला. म्हणूनच कुणी हललं नाही.

लिंबाएवढी पहिली गार भुजंगाच्या टाळक्यावर पडली.

“मी बरा हाय,” भुजंगा म्हणाला. “मी बरा हाय, माय.”

चारही गाठी गळून पडल्या. मग या खळ्यावरून त्या खळ्यावर तेच शब्द उठत गेले, आणि दोरे असे सुटले की गावाच्या अंगावरून काळी जाळीच उतरली. माणसं धावली. घोंगड्या, चटया, लुगडी, हाताला येईल ते कणसांवर टाकलं. अर्धं पीक वाचलं. अर्धं मातीत गेलं. सूपभर ज्वारी वाचवायला गावानं अर्धी सुगी घालवली. हे कुणी म्हणत नाही, म्हणून मी म्हणते.

धुरपतामाय त्यांना घाटाच्या पायथ्याशी एका खडकाखाली सापडली, काजळीला पोटाशी धरून बसलेली. भुजंगानं स्वतः भिजून एक सूप कोरडं आणलं होतं. ते त्यानं तिच्यासमोर ठेवलं.

“हे आजाऱ्याचं का बऱ्याचं?” तिनं विचारलं.

“बऱ्याचं, माय.”

“आन घेतलं तर माझ्या हाताचा गुण जाईल, त्याचं काय?”

भुजंगानं सूप आणखी तिच्याकडं सरकवलं. मग तीच म्हणाली, “गुण उपाशी पोटानं जातो, बाबांनो. खाल्ल्यानं कुणाचा गेलेला मी पाहिला नाही.”

ती परत आली, तशी घराघरांतून सुपं आली. पहिलं सूप तिनं चतुराबाईच्या दारात ठेवायला लावलं आणि दुसरं आपल्या घरात नेलं. त्यानंतर ती साठ वर्षं जगली, आणि काजळीही साठ वर्षं जगली, असं म्हणतात. मग एका धुक्याच्या सकाळी दोघी डोंगराकडं गेल्या त्या गेल्याच. वेशीजवळ तिची घोंगडी तेवढी राहिली होती. ती उचलायला गेले तर उचलेना. तिचा काळा दगड झाला होता. तो अजून आहे, घोंगडीच्या चार चुण्यांसकट.

फाल्गुनात मळणी झाली की सगळा ढवळदरा त्या दगडाशी जमतो. प्रत्येक घरचं माणूस सूप घेऊन येतं. मनगटाला काळ्या लोकरीचा दोरा बांधतात. ‘आमचं घर बरं आहे’ असं मोठ्यानं म्हणायचं, दोरा सुटतो, आणि मग सूप दगडावर ओतायचं. त्या दिवशी खोकला आला तरी माणसं गिळतात. ज्या घरात आजार आहे त्यानं यायचं नसतं. राशीतलं पहिलं सूप त्या घराकडं जातं, आणि बाकीची रास त्या वर्षी गावाचं दुखलंखुपलं बघणाऱ्याला मिळते.

भुजंगा फार म्हातारा झाला तेव्हाची गोष्ट. त्या फाल्गुनातही तो सूप घेऊन आला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “आमचं घर बरं हाय.” दोरा सुटला नाही. तो पुन्हा म्हणाला. दोरा आवळला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा श्वास अडला, तेव्हा लोकांना दिसलं की त्याच्या पायांवर सूज आहे. चतुराबाईच्या नातवानं ते सूप त्याच्या हातून घेतलं, राशीतली ज्वारी त्यात आणखी घातली आणि त्याच्यापुढं चालत ते त्याच्या घरी नेऊन ठेवलं.

आजही फाल्गुनात दगडाशी वाद होतात. कुणाचं सूप लहान, कुणी मुद्दाम उशिरा आलं, सगळं होतं. पण कुणाच्या मनगटावरचा दोरा अडला की सगळे गप्प होतात आणि दोन माणसं उठून त्याचं सूप उचलतात. आमच्या गावात वाद थांबण्याची एवढीच एक जागा आहे.