सीटखालचं हँडल

दगडाची खाण बंद पडली, त्यालाही एक पिढी उलटली. तेव्हापासून खाणीच्या तोंडाशी एक विलायती लॉरी उभी होती. पूर्वी आदम ड्रायव्हर रोज सकाळी सीटखालचं हँडल काढून नाकाडात घालायचा, "ऊठ गं राणी" म्हणत गरकन फिरवायचा, की ती खोकत खोकत जागी व्हायची. आदम गेला. मग बोलायला दिव्याच्या खोबणीत घर केलेली चिमणीच काय ती उरली.

एके दिवशी जुन्या लॉऱ्यांचा माग काढत दोन शौकीन येऊन थडकले. लॉरी हरखली. "चिमणे, आता हँडल मारतील बघ!"

त्यांतल्या सोराबजींनी गंज खरवडून नंबर वहीतल्या नंबराशी ताडून पाहिला आणि ते ओरडले, "दामले, सापडली! बोटीतून उतरलेल्या बारा लॉऱ्यांतली शेवटची!" दामल्यांचे डोळे भरून आले. त्यांनी फोटो काढले, "जिवंत" असं मोठ्यानं म्हणत वहीत लिहिलं, आणि दोघं खुशीत निघून गेले.

"आजी, जिवंत लिहिलंय की! मग गप्प का?" चिमणीनं विचारलं.

"हँडल सीटखालीच होतं गं," लॉरी म्हणाली. "पण 'ऊठ' कुणी म्हटलंच नाही."