बाबालालचाचांची उभी गाडी

"पण चाचा, चावी कधी देणार?"

संपदाने हे चौथ्यांदा विचारलं. बाबालाल मिस्त्री बशीतला चहा फुंकत राहिले.

जयसिंगपूरच्या जुन्या नाक्यावर त्यांचं गॅरेज, आणि गॅरेजच्या कोपऱ्यात नऊ वर्षं जागची न हललेली एक फियाट. शिकायला कुणी आलं की मिस्त्री एवढंच म्हणायचे, "ती चालू कर. मग बघू." सहा जण आले. चावी मागून मागून कंटाळले आणि निघून गेले.

संपदा मगदूम सातवी. मेकॅनिकलची पदवी, तीही पहिल्या वर्गातली. शिकेन तर ह्यांच्याच हाताखाली, असं घरी छातीठोकपणे सांगून आलेली. बाकी साधा हॉर्न वाजला तरी तिचे खांदे उडायचे.

"चावी फिरवली की काय हुईल?" मिस्त्रींनी विचारलं.

"स्टार्टर इंजिन फिरवेल."

"आणि इंजिनालाच फिरायचं नसंल तर?"

तिने बॉनेट उचलून आत डोकावलं...

मग एकदम उडीच मारली तिने. "पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटल्या असतील! गंजून! आधी हाताने फिरवून बघायला हवं!"

"मग बघ की. मला काय सांगतीस?"

त्या दिवशी तिने चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडलं आणि ते रात्रभर मुरू दिलं. टाकीतलं पेट्रोल उपसलं, त्याला जुन्या वार्निशसारखा वास येत होता. एअर फिल्टर उघडला तर आत चिंध्यांचं घरटं. ती अशी किंचाळली की समोरच्या टपरीवरचे तिघे धावत आले.

"उंदीर कवाच गेलाय," मिस्त्री म्हणाले. "तू उगं गाव गोळा करू नको."

दुसऱ्या दिवशी ऑइल बदललं, नवं पेट्रोल घातलं, नवी बॅटरी बसवली, चाकांत हवा भरली. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर पाना लावला आणि अंगातला सगळा जोर लावला. ढिम्म. पुन्हा. ढिम्म. तिसऱ्यांदा पाना बोटभर सरकला...

"हललं! चाचा, हललं!"

पुली पूर्ण दोनदा फिरली. प्लग परत बसले. मिस्त्रींनी तिच्या तेलकट तळव्यावर चावी ठेवली.

पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा खोकला. तिसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि गाडी गरजली! पत्रे थरथरले. टपरीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या.

"पेटली रे पेटली! मगदुमांच्या पोरीनं पेटवली!"

संपदा हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. "चाचा, एक चक्कर मारून आणू?"

मिस्त्रींनी ऑइलचा रिकामा डबा उचलला. बंपरपासून दोन हातांवर उपडा घातला. त्यावर बसले, तिच्याकडे तोंड करून.

"चल. घे पुढं."

"अहो, बाजूला व्हा ना!"

"का?"

"तुम्ही समोर बसलाय!"

"म्हाईत हाय मला, मी कुठं बसलोय. गिअर टाक."

तिने क्लच दाबला, पहिला टाकला. इंजिनाचा आवाज छातीत घुमत होता. बाहेर टाळ्या. डावा पाय वर यायला उतावीळ झालेला...

मिस्त्रींची पापणीही लवली नाही.

तिचा उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला. पेडल थेट तळाला टेकलं. काही लागलंच नाही. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा पोकळ...

गिअर काढला. चावी उलटी फिरवली.

सगळं शांत झालं.

"अगं, बंद कशाला केलीस?" टपरीवरून कुणीतरी ओरडलं.

ती खाली उतरली. "ब्रेक नाहीत, चाचा."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नऊ वर्षं उभी हाय. कुणाला म्हाईत नसणार?"

ते बरोबर वर्मी लागलं. संपदाची मान खाली गेली. "म्हणजे... ब्रेक मी बघितलेच नाहीत. मी पण गेले. सातवी."

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. पायाने जॅक तिच्याकडे ढकलला.

"चाक काढ. पुढचं डावं आधी."

क्षणभर तिला कळलंच नाही. कळलं तशी ती धावलीच जॅककडे. वाकली, दांडा हातात घेतला आणि तशीच थांबली.

"चाचा... आणि मी क्लच सोडला असता तर?"

मिस्त्री डबा झटकून भिंतीशी ठेवत होते.

"मग काय... उद्यापास्नं गॅरेज तुला एकटीलाच बघायला लागलं असतं."